दुसऱ्यानं सारवायचं घर

आमच्या घरी येणारा पाहुणा ओटीवर चपला काढतो, सागाच्या खांबावर हात फिरवतो, आढ्याकडे बघत मोठा सुस्कारा सोडतो आणि म्हणतो, "हे घर मात्र पाडू नका हं!" अजून त्याला पाणीसुद्धा मिळालेलं नसतं. पाणी प्यायल्यावर तो दुसरं वाक्य बोलतो, "कमोड आहे ना?" आणि पोहे संपता संपता तिसरं, "परतीची लोकल कितीची?"

घर डहाणू–घोलवड रस्त्यापासून जरा आत, चिकूच्या वाडीत आहे. ते पणजोबांनी बांधलं. कधी, याबद्दल घराण्यात दोन पक्ष. आजोबा म्हणायचे, आगगाडी आली त्या सुमारास. आजी म्हणायची, प्लेगच्या आधी. या दोन घटनांमध्ये तीस-पस्तीस वर्षं मोकळी पडतात. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, मुलांना सनावळ्या चुकल्या म्हणून बाकावर उभं केलं, आणि माझ्या स्वतःच्या घराला मात्र नुसता 'सुमार' आहे.

२०१३ साली विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल आली आणि घरावर प्रेम करणाऱ्यांची संख्या वाढली. त्याआधी आमच्याकडे यायचं तर माणसाला खरंच आमची आठवण यावी लागायची. आता रविवार असला तरी पुरतं. एवढे प्रेमिक जवळून पाहिल्यावर मी एक नियम बसवला आहे: माणसाचं डोकं आणि कौल यांच्यातलं अंतर जितकं जास्त, तितकं त्याचं वारसाप्रेम उत्कट. गोरेगावला चौदाव्या मजल्यावर राहणारा माझा भाचा कौलांचे फोटो काढतो. न्यू जर्सीच्या चुलतभावाला व्हिडिओ कॉलवर माजघर दाखवलं की गहिवरून येतं. दुरुस्तीच्या वर्गणीचा विषय निघाला की त्याचं नेटवर्क जातं. याउलट माझी बायको. तिच्या डोक्यापासून कौल अगदी जवळ, कारण माळ्यावरचे उंदीर तीच हाकलते. ती म्हणते, "पाडा. उद्या नको, आजच पाडा. मी चहा टाकते."

मंगळुरी कौलांचा कारखाना १८६५ साली बासेल मिशनच्या धर्मोपदेशकांनी मंगळूरला काढला, हे मी मुलांना शिकवलेलं आहे. पुढे ती कौलं पश्चिम किनाऱ्यावर घरोघरी चढली. त्या सज्जनांनी कौल टिकाऊ केलं, पण कौलं चाळणारा माणूस मर्त्यच ठेवला. मृगाच्या आधी प्रत्येक कौल उतरवायचं, शेवाळ खरवडायचं, फुटकं बाजूला काढायचं, किडलेल्या रिपा बदलायच्या, पुन्हा खालून वर चढवत न्यायचं. हे ज्याला येतं तो माणूस आता वापीला नाहीतर उंबरगावला कंपनीत जातो, त्याला शिफ्ट असते. न येणारे पुष्कळ मिळतात. मागे असाच एकजण छपरावर चढला, दहा कौलं बदलली, उतरताना पंधरा फोडली आणि खाली येऊन म्हणाला, "काका, घर एकदम भारी आहे. पाडू नका."

मग पावसाळ्यात आमच्याकडे भांड्यांची बदली होते. पातेलं माजघरात, घमेलं देवघराशी, तांब्या माझ्या उशाशी. कुठल्या थेंबाला कुठलं भांडं, हे बायकोला पाठ आहे. एका पावसाळी रविवारी भाच्यानं डोळे मिटून तो आवाज ऐकला आणि म्हणाला, "मामा, हे घर बोलतं."

"हो," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "बादली द्या म्हणतं."

त्याच दुपारी भाच्यानं जाहीर केलं की हे घर 'संरक्षित वास्तू' करून घ्यायचं. म्हणजे सरकार दुरुस्त करेल. वारसा हा शब्द ऐकून बायकोचा चेहरा उजळलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

आम्ही एका कचेरीत गेलो. कुठल्या, ते सांगत नाही. तिथल्या भिंतीलाही ओल आली होती, त्यामुळे आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. टेबलापलीकडच्या साहेबांनी अर्ज वाचला.

"वाडा कोणाचा?"

"आमचा."

"तसं नव्हे. इतिहासात कोणाचा?"

"पणजोबांचा. गवताचा व्यापार होता त्यांचा."

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. "पेशवे वगैरे उतरले होते का? गेला बाजार चिमाजी आप्पा?"

"१७३९च्या वसईच्या मोहिमेत मराठी फौजा या किनाऱ्यावर होत्या," मी वर्गातला आवाज काढला, "पण आमचं घर तेव्हा नव्हतं."

"मग अवघड आहे."

भाचा हार मानणारा नाही. "साहेब, गांधीजी मुंबईहून गुजरातला याच रुळावरून जायचे. आमचं घर गाडीतून दिसतं."

"गांधीजींनी पाहिलं याचा पुरावा?"

पुरावा नव्हता. साहेबांनी दयाळूपणे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. "असं काहीतरी पाहिजे." कॅलेंडरवर शनिवारवाडा होता.

परतताना गाडीत मी त्याच विचारात होतो. पहिल्या बाजीरावानं १७३० साली पाया घातला, १७३२ साली वास्तुशांत केली, खर्च आला १६,११० रुपये. १८२८च्या आगीत आतले महाल जळून गेले. उरले ते बुरूज, तट, दरवाजे आणि जोती. म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत नावाजलेलं संरक्षित घर ते, ज्यात घर उरलेलं नाही. छप्परच नाही, तर गळणार काय? दुसऱ्या बाजीरावानं हौसेनं बांधलेल्या विश्रामबागवाड्यात तो स्वतः दहा-अकरा वर्षं राहिला असेल. पुढे तिथे संस्कृत पाठशाळा आली आणि कालांतरानं पुणे नगरपालिकेच्या कचेऱ्या. विश्राम घेतला तो फायलींनी. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा अजून उभा आहे. त्याच्यामागच्या घाटावर वसईच्या मोहिमेतून नेलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, आणि २००४च्या 'स्वदेस' सिनेमात तो परिसर शाहरुख खानबरोबर दिसला. आमच्या किनाऱ्यावरची घंटा सिनेमात गेली. आम्ही घोलवडला, भांडी वाजवत.

इकडे भाच्यानं गावात एक गडबड करून ठेवली. पारावर बसून त्यानं मोबाइलवर कायदा मोठ्यानं वाचला. १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा, त्यातली २०१०ची दुरुस्ती. केंद्राच्या यादीतल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊनच बांधायचं. तो हे कौतुकानं वाचत होता. ऐकणारे मनातल्या मनात पावलं मोजत होते.

संध्याकाळी शेजारी आला. त्याचा नवा संडास आमच्या कुंपणाला लागून व्हायचाय, विटा येऊन पडल्यात.

"गुरुजी, तुमचं घर जुनं आहे, हे कोणाला सांगायची काय गरज होती?"

"अहो, तसं काही होणार नाही. आपल्याकडे पेशवे उतरले नव्हते."

"नक्की ना? पुढं-मागं कोणाला कागद नाही ना सापडणार?" जाताना त्यानं आवाज उतरवला. "नाहीतर पावसातच पडू द्या की. आपोआप पडलं तर कोणी काही म्हणत नाही."

रात्री दोघे चुलतभाऊ आले. घरपट्टीच्या उताऱ्यावर नावं इतकी आहेत की निम्मे मालक स्वर्गात आहेत आणि त्यांचीही वारसनोंद राहिली आहे. छपराचा खर्च निघाला की हे सगळे, वरचे आणि इथले, सारखेच गप्प असतात. पण 'सरकार घर घेणार' अशी आवई उठताच प्रत्येकाला आपापली खोली आठवली. एकाला तर जिन्याखालची जागा आठवली. लहानपणी तो तिथे लपायचा म्हणे, म्हणून वहिवाट त्याची.

या सगळ्यांत प्रामाणिक वाटला तो जमिनीचा दलाल. वाढवणच्या बंदराची पायाभरणी २०२४च्या ऑगस्टमध्ये झाली, तेव्हापासून असे लोक फिरतात. त्यानं खांबाला हात लावला नाही, सुस्कारा सोडला नाही. दोन मिनिटांत चिकूची झाडं मोजली, रस्त्यापर्यंत पावलं टाकली आणि म्हणाला, "घराचं काही नाही काका, ते जेसीबीला अर्ध्या दिवसाचं काम आहे." इतक्या वर्षांत घराबद्दल कोणी मला थाप न मारता बोललं, ते तेवढंच.

तसं पाहिलं तर आमचा डहाणू तालुका हा महाराष्ट्रातला फार जपलेला तालुका. केंद्रानं २० जून १९९१ रोजी तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. कारखान्यांना जागा फक्त ५०० एकर, भोवती २५ किलोमीटरचा राखीव पट्टा. १९९६ साली त्यावर देखरेख करायला प्राधिकरण नेमलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. पुढची बरीच वर्षं भल्याभल्या प्रकल्पांना त्यांच्यासमोर येऊन उत्तरं द्यावी लागली. वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या चिकूला २०१६ साली. हवेला अधिसूचना, चित्राला मानांकन, चिकूला मानांकन. राहत्या घराला घरपट्टी.

नाही म्हणायला, डहाणूत जुनी, भक्कम, सरकारी पहाऱ्यातली एक राहती वास्तू होऊन गेली: खाडीकाठचा पोर्तुगीज काळातला किल्ला. त्यात बराच काळ कचेरी आणि तुरुंग नांदले. जुनं घर टिकवायचा तेवढा एकच हमखास उपाय मला दिसतो. राहणाऱ्यांना बाहेर पडायची परवानगी नाही आणि कुलपाची किल्ली सरकारकडे. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही फार कडवट झालात." मी म्हटलं, "कडवट नाही, ओला आहे."

शेवटी कौलं चाळणाऱ्यालाच गाठायचं ठरलं. या भागात ते काम खरं येणारा एकजण आहे, माझाच विद्यार्थी. वर्गात शेवटच्या बाकावर बसून तो खिडकीबाहेर छपरं बघायचा. मी त्याला 'लक्ष कुठे आहे?' म्हणून ओरडायचो. लक्ष योग्य ठिकाणीच होतं. फोन लावला की तो "हां गुरजी, येतोच" म्हणतो, आणि पाऊस येतो. म्हणून भाच्याला घेऊन मी त्याच्या पाड्यावर निघालो, तलासरीच्या बाजूला, महामार्ग ओलांडून.

वाटेत एका रिसॉर्टवर चहाला थांबलो. तिथे 'आदिवासी झोपडीचा अनुभव' मिळतो. बाहेरून कुडाची भिंत, तिच्यावर गेरू, त्यावर तारपानृत्य. मी टकटक केलं, आत सिमेंट निघालं. कारवी नुसती चिकटवलेली. आत एसी, गरम पाणी, आणि दाराशी पाटी: 'कृपया भिंतीला हात लावू नये'. एका रात्रीचं भाडं ऐकून मी चहात साखर नको म्हणालो, तेवढीच बचत.

विद्यार्थी घरी नव्हता, कंपनीत होता. घर मात्र झकास होतं. नवं घरकुल, स्लॅबचं, दारावर योजनेचं नाव. या योजनेची रीत मला नंतर त्यानंच सांगितली. घर निदान २५ चौरस मीटरचं, पैसे हप्त्यानं. पायाचा फोटो दाखवा, मग हप्ता. भिंतीचा फोटो, मग हप्ता. छपराचा फोटो, मग हप्ता. यादीत नाव यायचं तर आधी घर कच्चं आहे असं ठरावं लागतं. म्हणजे कुडाची तीच भिंत रिसॉर्टात 'संस्कृती' आणि घरकुलाच्या यादीत 'कच्ची'. संस्कृतीचं भाडं मिळतं, कच्च्याचं अनुदान. आमचं घर दोन्हींच्या मध्ये सापडलं आहे. कच्चं म्हणावं तर खांब सागाचे, संस्कृती म्हणावी तर पेशवे उतरले नाहीत.

घरकुलाला कुलूप होतं. हाक मारली तर मागून आवाज आला. मागे जुनं कुडाचं घर अजून होतं. कारवीचा कूड, त्यावर माती-शेणाचा गिलावा, वर कौलं, आणि काय सांगू, एकही कौल सरकलेलं नाही! माझ्या घराच्या कौलांना शिफ्ट आड येते, त्याच्या स्वतःच्या कौलांना नाही. त्याची आई हात शेणात बुडवून भिंत सारवत होती. नातीचं लग्न तोंडावर आलेलं.

"बसा गुरजी. तिकडं नका बसू, ते ओलं हाय."

मी म्हटलं, "आई, एवढं पक्कं घर पुढे असताना तुम्ही मागेच?"

"पुढं टीव्ही ऱ्हातो, मोटारसायकल ऱ्हाते, कागदं ऱ्हातात. उन्हाळ्यात ती स्लॅब अशी तापते का माणसाचं काम नाय." मग हसून म्हणाली, "आन् ते हादरे सुरू झाले तवा अख्खा पाडा भायेर झोपला. घरात जायची येळ आली तवा जो तो पयला मागच्या घरात."

हादरे म्हणजे २०१८च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या आसपास सुरू झालेले भूकंपाचे धक्के. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर तेव्हा लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. विटांच्या भिंतींना तडे गेले. कूड हलका, हलला की वाकतो आणि परत जागेवर येतो, अंगावर पडलाच तर मातीची ढेपळं. आमच्याकडे त्या दिवसांत कौलं रात्री खडखडायची आणि मी उशी घेऊन चिकूखाली जायचो. वटवाघळं वरून अर्धे खाल्लेले चिकू टाकायची, मानांकनवाले.

भाच्याचा कॅमेरा तोवर बाहेर आला होता. कारवी म्हणजे सात वर्षांनी एकदा फुलणारी, ही माहिती त्यानं मोबाइलवरून आम्हाला वाचून दाखवली. जिनं आयुष्यभर कारवी तोडून आणली तिनं ती शांतपणे ऐकून घेतली. मग गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं नाव निघालं. त्यांनी वारली चित्रकला भिंतीवरून कागदावर नेली, जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळाली. चित्र विमानानं गेलं. भिंत पाड्यावर राहिली, कारण भिंतीला दर सणाला शेण लागतं आणि ते विमानात नेता येत नाही.

"आजी," भाचा कळवळून म्हणाला, "ही भिंत अशीच्या अशी ठेवा हं. हात लावू नका."

"हात नाय लावला तर ऱ्हाईल कशी? हात लावती म्हून तर हाय."

"पण मूळची आहे ना? किती जुनी असेल?"

म्हातारीनं भिंतीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "कोनचा थर? वरचा म्हनशील तर आत्ताचा. त्याच्या खालचा दिवाळीचा. त्याच्या खाली माझ्या सासूचा बी आसल."

भाच्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. पुरातत्त्वाच्या पुस्तकात थर असतात, पण ते सगळे खाली गाडलेले. सगळ्यात वरचा थर अजून ओला आहे आणि तो देणारी बाई समोर उभी आहे, अशी नोंद करायला त्याच्या वहीत रकानाच नव्हता.

"येवढं आवडतं ना तुला?" म्हातारी म्हणाली. "मंग ये. त्यो पाटीतला काला घे."

त्याचे बूट पांढरे होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं. "गुरजी, तुमी बी या," ती म्हणाली, आणि जन्मभर मुलांना 'उभा राहा, पुढे ये' म्हणणारा मी उभा राहिलो आणि पुढे गेलो.

सारवण ही कला आहे, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. तिचा हात कमानीसारखा फिरायचा, बोटांच्या रेघा एकसारख्या उमटायच्या. मी एका जागी घासलं तर जुना थर निघून आला, दिवाळीचा. त्यावर घाईनं काला थापला तर तो माझ्या धोतराएवढा सैल होऊन खाली घसरला. भाच्याचा भाग सपाट झाला, पण त्यात त्याचं घड्याळ उमटलं. पाड्यावरची सगळी पोरं जमली. त्यांतल्या एकानं मोबाइल काढला आणि मला म्हणाला, "बाबा, जरा डावीकडं सरका, उजेड येत नाय." आमचे फोटो निघाले. कोणीतरी प्रेमानं म्हणालं, "छान करतायत, करू दे."

तेवढ्यात माझा विद्यार्थी शिफ्ट संपवून आला. दारात मोटारसायकल लावता लावता त्यानं आपल्या मास्तरांना कोपरापर्यंत शेणात पाहिलं. मी लगेच मुद्द्याला हात घातला. "बाबा रे, कौलं."

"येतो गुरजी, रविवारी नक्की." हे मी पूर्वीही ऐकलेलं होतं, पण आता त्याच्या आवाजात करुणा होती. मग त्यानं भिंतीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. घरात लग्न. या भिंतीवर चौक निघायचा, तांदळाच्या पिठानं, पालघटदेवी मध्यभागी; सुवासिनी येणार, लग्न लावणारी धवलेरी येणार, गाणी होणार.

"आये, या कोपऱ्याचं काय करायचं?"

म्हातारीनं मान तिरकी करून आमच्या कामाची पाहणी केली. अर्ज, पुरावा, पेशवे, काही विचारलं नाही. जागच्या जागी निकाल दिला.

"चौक त्या अंगाला काढा. गुरजींनी सारवलं तिथं कॅलेंडर लावा, पावणे येनार हायेत."